उजव्या हातावरचं घड्याळ

शनिवार, १ फेब्रुवारी

आजपासून रोजचं लिहायचं ठरवलं आहे. दिवस लक्षात राहत नाहीत म्हणून. काल काय भाजी होती असं आईनं सहज विचारलं तर मला सांगता आलं नाही, आणि स्वयंपाक मीच केला होता.

बाबा गेल्यानंतर आज पहिल्यांदा दुकान उघडलं. शेजारच्या भांड्यांच्या दुकानातल्या तृप्तीताई बाहेर आल्या, "उघडलंस? बरं केलंस बाई," म्हणाल्या आणि त्यांचेच डोळे भरले. मी त्यांना पाणी दिलं. मला काही झालं नाही.

टेबल जसंच्या तसं होतं. भिंग, चिमटे, उघडलेल्या घड्याळावर पालथा घालायचा काचेचा पेला. पेल्याखाली काही नव्हतं. दिवसभर सेल बदलायला लोक येत होते. त्याला डोकं लागत नाही. बाबांनी मला अक्षरांच्या आधी काटे शिकवले. पहिलीत गेले तेव्हा मला पावणेबारा कळायचे आणि 'अ' काढता यायचा नाही.

संध्याकाळी काका आले. "आता मोबाईलचे कव्हर ठेव, चार्जर ठेव. चावीची घड्याळं कोण घालून राह्यलंय आजकाल?" मी हो म्हटलं. सध्या हो म्हणणं सोपं जातं.

सोमवार, ३ फेब्रुवारी

वाटूरहून अंगदचा फोन आला. शेतकरी आहे, बाबांचं जुनं गिऱ्हाईक. आधी बराच वेळ बाबांबद्दल बोलला, त्यांना तो काका म्हणतो. मग म्हणाला, "ताई, आत्ता विचारायला नको खरं तर. पण आई रोज डोकं खाऊन राह्यली. ते आमच्या दादाचं घड्याळ. काकांनी डिसेंबरच्या शेवटी फोन केल्ता, म्हणले पार्ट मिळाला, चालू झालं, आता हातावर ठेवून बघतो अन् मंग देतो."

मी म्हटलं, बघते.

दादा म्हणजे त्याचे वडील. त्यांचं घड्याळ मला माहीत आहे. व्हेर्नो, स्वित्झर्लंडचं, कंपनी कधीच बंद झाली. दोन वर्षांपूर्वी न्हाणीत पडलं आणि बॅलन्सची दांडी तुटली. बॅलन्स म्हणजे आतलं मागेपुढे झुलणारं चाक. त्याची दांडी केसाएवढी असते आणि ती दुसऱ्या कुठल्या कंपनीची बसत नाही. बाबा तेव्हापासून ती शोधत होते.

घड्याळ दुरुस्त झालं की बाबा लगेच देत नसत. टेबलावर चालणारं घड्याळ हातावर चालेलच असं नाही. म्हणून गिऱ्हाइकाचं घड्याळ आठवडाभर उजव्या हातावर बांधायचे. डाव्या हातावर स्वतःचं. लोकांना वाटायचं, हौस आहे.

सगळे हुक बघितले, खण बघितले. अंगदचं घड्याळ दुकानात नाही.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

दवाखान्यातून दिलेल्या पिशवीत दोन घड्याळं होती. हे मला काल आठवायला पाहिजे होतं.

बुधवार, ५ फेब्रुवारी

सगळं नीट लिहून काढते, म्हणजे माझ्याकडून काही झाकलं जाणार नाही.

बाबांचं स्वतःचं घड्याळही व्हेर्नोच. आजोबांचं. आजोबांनी आणि अंगदच्या वडिलांनी इथं जालन्यातच, एकाच दुकानातून घेतलेली, एकाच डायलची. दोन्ही डायल सारखेच पिवळे पडलेले.

तेराव्याला गुरुजींना द्यायच्या वस्तू काढत होतो. छत्री, चप्पल, धोतरजोडी. काका म्हणाले, "भालचंद्राचं घड्याळ पाहिजे त्याच्यात. घड्याळातच गेला त्याचा जन्म." पिशवीत दोन निघाली, इतक्या दिवसांनी दोन्ही बंद. काका म्हणाले, "बंद घड्याळ दानात देत न्हाईत. गंधाली, चावी दे." मी दोन्हींना चावी दिली. एक चाललं, एक चाललं नाही. चाललं ते मी काकांच्या हातात दिलं. दुसरं रुमालात बांधून कपाटात ठेवलं.

मी मागची बाजू बघितली नाही. आजोबांच्या घड्याळाच्या पाठीवर त्यांच्या नावाची अक्षरं कोरलेली आहेत, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

आज रुमाल सोडला. अक्षरं आहेत.

म्हणजे मी अंगदचं घड्याळ बाबांच्या नावानं दान करून टाकलं.

बाबांचं घड्याळ चावी देऊनही चाललं नाही, याचंही मला त्या दिवशी नवल वाटलं नव्हतं. माणूस गेला, घड्याळ थांबलं, असं लोक म्हणतातच. आमच्या घरात असं म्हणत नाहीत. आमच्या घरात घड्याळ कशानं तरी थांबतं.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती, तशीच निवडत राहिली. मग म्हणाली, "दान परत मागायचं नाही."

"पण ते आपलं नव्हतंच, आई."

"त्यांच्या पुढच्या वाटेला दिलंय ते. वाटेतून माणसाला माघारी बोलावते का तू?"

मीही एक जुडी ओढून निवडायला लागले. बऱ्याच वेळानं तीच म्हणाली, "शेवटी शेवटी टाइम बघायला उजवाच हात वर करायचे. मी चेष्टेनं म्हटलंसुद्धा, डावा भाड्यानं दिला का? तर नुसते हसले."

अंगदला फोन केला. तपासणी चालू आहे असं सांगितलं. तो म्हणाला, "चालू द्या ताई, काकांचंच वळण आहे तुम्हाला." हे खोटं मी आज बोलले, याची इथं नोंद राहू दे.

रविवार, ९ फेब्रुवारी

विचार करून एक मार्ग दिसतो. बाबांचं घड्याळ चालू करायचं, ते गुरुजींना द्यायचं आणि अंगदचं मागून घ्यायचं. मग दान बाबांच्याच वस्तूचं होईल आणि ज्याचं त्याला मिळेल. बंद घड्याळ घेऊन त्यांच्या दारात जाता येणार नाही.

बाबांच्या घड्याळात काय बिघडलं आहे ते माहीत नाही. पण काहीही निघालं तरी व्हेर्नोचा माल लागणार. बाबांना अंगदचा पार्ट कुणीतरी दिलाच ना. ज्यानं दिला त्याच्याकडे आणखी असेल. आधी तो माणूस शोधते.

आधी उघडून बघायचं आणि मग माल शोधायचा, असं बाबांनी शिकवलं आहे. हे उलटं होतंय हे मला कळतं. घड्याळ रुमालात आहे. आज उघडलं नाही.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

संभाजीनगर, परभणी, नांदेड, सगळीकडे फोन झाले. कुणाला व्हेर्नो हे नावच माहीत नाही. एक जण हसला, "मॅडम, त्याचे पार्ट आता फक्त त्याच्यातच मिळतील." परभणीचे दुकानदार म्हणाले, "दिवाळीत तुमच्या वडिलांचा फोन आल्ता. त्यांनाबी न्हाईच म्हणलं होतं."

दिवाळीपर्यंत मिळाला नव्हता आणि डिसेंबरात मिळाला. मधे कुणीतरी आहे.

जेवायची इच्छा नव्हती, पण जेवले. चव लागत नाही, तरी मीठ बरोबर पडतं. हाताला माहीत आहे.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

टेंभुर्णीला जाऊन आले. तिथं रखमाजी म्हणून जुने घड्याळजी आहेत. बाबा नवीन असताना अडलेलं काम त्यांच्याकडे न्यायचे. आता त्यांना दिसत नाही फारसं. मुलानं पुढच्या खोलीत बियाण्यांचं दुकान टाकलं आहे. रखमाजी त्याच पोत्यांमध्ये खुर्ची टाकून बसतात.

नाव सांगितलं तर म्हणाले, "भालचंद्राची पोरगी? तू तर टेबलाखाली बसून स्क्रू खायची. एक गिळला होता, आठवतो का? तुझा बाप दोन दिवस बसला होता वाट बघत. तुझी न्हाई, स्क्रूची."

मुलगा हसला. मीही हसले असावे.

मी विचारलं, डिसेंबरात बाबांना व्हेर्नोच्या बॅलन्सची दांडी तुम्ही दिली का.

"मी? तो आल्ता. दोनदा आल्ता. मी त्याला काय दिलं? चहा दिला. पोरी, ती दांडी ह्या मुलखात कुठंच न्हाई. माझी नजर बराबर असती तर मशिनीवर घासून दिली असती. मशीन हाये अजून, त्या तुरीच्या पोत्यामागं. पण डोळ्याला डोळा दिसना, दांडी कुठून दिसावी?"

"मग त्यांना मिळाली कुठं?"

ते चष्मा काढून धोतरानं पुसत बसले. त्या चष्म्यानंही त्यांना दिसत नाही म्हणे.

"तुझ्या बापाच्या हातावर कोणतं घड्याळ होतं?"

"तेच. व्हेर्नो. आजोबांचं."

"अन् ते चालू हाये?"

"नाही. चावी दिली तरी चालत नाही."

"घरी जा," ते म्हणाले. "उघडून बघ." मग मुलावर ओरडले, "अरे चहा सांग जल्दी, पोरगी तशीच चालली."

त्यांचा आवाज का बदलला ते कळलं नाही. म्हातारी माणसं दमतात. परतीच्या बसमध्ये जागा मिळाली.

शनिवार, १५ फेब्रुवारी

उघडलं नाही. दोन भिंतीवरची घड्याळं आली होती, ती केली.

सोमवार, १७ फेब्रुवारी

दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा उघडलं.

घड्याळजी जेव्हा जेव्हा घड्याळ उघडतो तेव्हा झाकणाच्या आतून सुईनं बारीक खूण करतो, स्वतःचं अक्षर आणि तारीख. गिऱ्हाइकाला ती कधी दिसत नाही. बाबांच्या झाकणात आधी आजोबांच्या खुणा, मग बाबांच्या. शेवटची डिसेंबरातली.

भिंग लावलं. बॅलन्स एका अंगाला कलून पडला होता. दांडी तुटलेली. चाकाच्या कडेला बारीक स्क्रू असतात, त्यातला एक काळा पडलेला. हे चाक मी आधी पाहिलं आहे. दोन वर्षांपूर्वी अंगदनं घड्याळ आणलं तेव्हा बाबांनी भिंग माझ्या डोळ्याला लावून विचारलं होतं, "सांग, काय काय दिसतं?" मी म्हटलं होतं, एक स्क्रू काळा आहे.

म्हणजे पार्ट कुठूनच आला नव्हता. बाबांनी स्वतःच्या घड्याळातला बॅलन्स काढून अंगदच्या घड्याळात बसवला आणि तुटलेला स्वतःच्यात ठेवून झाकण लावलं. डिसेंबरपासून डाव्या हातावर बंद घड्याळ बांधून ते दुकानात येत होते. मी समोरच बसत होते. घड्याळ दुरुस्त करणारी मुलगी, आणि मला दिसलं नाही.

झाकण लावलं. बंद करायच्या वेळेला दुकान बंद केलं. घरी भाकरी केल्या. त्या चांगल्या झाल्या.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

आईला सांगितलं. ती म्हणाली, "डावा भाड्यानं दिला का, असं म्हटलं होतं मी त्यांना." दोनदा म्हणाली. मग उठून लुगड्यांच्या ट्रंकेवरची धूळ पुसली, जी नव्हती.

झोपायच्या आधी म्हणाली, "गुरुजींकडे मी पण येते."

गुरुवार, २० फेब्रुवारी

गुरुजींनी दार उघडलं आणि आईला बघून लगेच चटई टाकली. घड्याळ देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर होतं. चालू होतं. पूजा झाली की रोज चावी देतात म्हणे.

मी सगळं सांगितलं, चुकत चुकत. मधे एकदा मागचं पुढे झालं तेव्हा पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. आई खाली बघत होती.

गुरुजी म्हणाले, "म्हणजे जे तुमचं नव्हतं ते तुम्ही दिलंत. मग ते दिलं गेलंच नाही, बाळ. मी महिनाभर दुसऱ्याची वस्तू सांभाळली एवढंच." घड्याळ काढून माझ्या हातावर ठेवलं. "मला मात्र सवय लागली हो चावीची. आता पूजा झाल्यावर हात कुठं ठेवू?"

आईनं विचारलं, "मग यांचं दान?"

"त्यांचं चालू करून आणा."

"ते आता होणार नाही म्हणते ही."

"बंद देऊ नका," गुरुजी म्हणाले. "वर्षश्राद्धाला वेळ आहे अजून. मी कुठं जातो?"



शुक्रवार, २१ फेब्रुवारी

अंगदचं घड्याळ उजव्या हातावर बांधलं आहे. बाबांची तपासणी अर्धी राहिली होती. ती पुरी झाल्याशिवाय देता येणार नाही. मोबाईलवर एक अ‍ॅप आहे, घड्याळ जवळ धरलं की चाल सांगतं. बाबा कानाला लावून सांगायचे. मला कानाला लावायची गरज पडली नाही.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

काका आले. त्यांना आईनं सांगितलं असावं.

"यात कोडं काय आहे? बॅलन्स तुझ्या बापाचा. काढून घे, परत त्याच्यात बसव. ते चालू होईल, गुरुजींना देऊन टाक, माझा भाऊ सुटला. वाटूरवाल्याला सांग, पार्ट मिळाला न्हाई. तसंबी दोन वर्षं तेच ऐकून राह्यलाय तो."

"बाबांनी त्याला मिळाला म्हणून सांगितलंय, काका."

"आता बाबा आहे का सांगायला?"

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं काकांकडे बघितलं नाही, माझ्या उजव्या हाताकडे बघितलं. तिला काय हवं आहे ते मला कळलं नाही. तिलाही कळलं होतं असं वाटत नाही.

काका गेल्यावर मी दोन्ही घड्याळं टेबलावर शेजारी ठेवली. हे काम मला येतं, फार वेळ लागत नाही. चिमटा हातात घेतला. मग पेला दोन्हींवर मावत नाही म्हणून चिमटा ठेवला. हे कारण खरं नाही. खरं कारण मला मांडता येत नाही. ते बाबांचं केलेलं काम आहे, मी त्यांचं काम कधी उलटं केलेलं नाही, एवढंच लिहिते.

शनिवार, १ मार्च

तपासणी पुरी. चाल उत्तम. बाबा 'उत्तम' म्हणत नसत, 'चालेल' म्हणत. चालेल.

आईनं विचारलं, "उद्या नेऊन देणार?" हो म्हटलं. तिनं डब्यात शेंगदाण्याची चटणी भरून दिली, अंगदच्या आईला.

रविवार, २ मार्च

वाटूर. अंगद फाट्यावर मोटारसायकल घेऊन उभा होता. "ताई, तुम्ही कशाला तसदी घेतली, मी आलो असतो की. आता आईच्या तावडीत सापडल्या, जेवल्याबिगर सोडत नसती."

त्याची आई, सगुणाबाई, ओसरीवर बसली होती. अंगदनं सांगितलं की दादा रोज सकाळी घड्याळ काढून हिच्या हातात द्यायचे. चावी द्यायचं काम हिचं. ते गेल्यावरही ती रोज देत होती, न्हाणीत पडून बंद होईपर्यंत.

मी घड्याळ दिलं. तिनं पदराला हात पुसले, चावी दिली. न बघता. कुठं थांबायचं ते बोटाला ठाऊक होतं. मग कानाला लावून ऐकत राहिली.

"अंगद, हा आवाज त्यांचा न्हाई."

अंगद म्हणाला, "आता झालं! दोन वर्षं चालू कर म्हणून मागं लागली, चालू झालं तर म्हणती आवाज न्हाई. अगं, घड्याळ हाये, माणूस न्हाई."

"गप रे. त्यांचा जरा घोगरा होता."

मी म्हटलं, तुमचं बरोबर आहे. आत एक भाग दुसऱ्या घड्याळाचा आहे. आवाज त्याचाच असतो.

"कोणाच्या घड्याळाचा?"

खोटं बोलायचं नव्हतं आणि सांगायचंही नव्हतं. "माझ्या बाबांच्या."

अंगदचा हसरा चेहरा तसाच राहिला, कसा बदलावा हे न सुचल्यासारखा. सगुणाबाईनं घड्याळ पुन्हा कानाला लावलं. मग मला जवळ बोलावलं आणि तेच माझ्या कानाला लावलं. तिचा हात खरखरीत आणि गरम होता.

"ऐक. हाये का त्याचा?"

मी लहान असताना बाबांच्या डाव्या हातावर डोकं ठेवून झोपायची. मनगट कानाखाली यायचं.

मी हो म्हटलं. घड्याळ परत दिलं.

ती म्हणाली, "मंग आता मी दोघांनाबी चावी देत जाईन."

जेवण करूनच सोडलं. फाट्यावर बसची वाट बघत असताना डोळ्यांतून आणि नाकातून पाणी यायला लागलं आणि जालन्यापर्यंत थांबलं नाही. तिथं रस्त्याचं काम चालू आहे, धूळ फार.

बुधवार, ५ मार्च

आईला विचारून बाबांचं घड्याळ डाव्या हातावर बांधलं आहे. आई म्हणाली, "बंद घालून फिरणार?" मग स्वतःच पट्टा एका भोकानं आवळून दिला.

दांडी घासायचं मशीन मागायला रखमाजींना फोन केला. म्हणाले, "मशीन ने. पण हात मोकळे ठेवून ये, वजन हाये. अन् पहिल्या दहा दांड्या मोडतील, रडायचं न्हाई." मी म्हटलं, मला रडू येत नाही. ते म्हणाले, "बरं."

रविवार, ९ मार्च

टेंभुर्णीच्या बसमध्ये लिहिते आहे, अक्षर हलतंय. मशीन आणायला पिशवीत जुनी चादर घेतली आहे.

आत्ता शेजारच्या बाईनं विचारलं, "किती वाजले गं, बाई?" मी चटकन उजवा हात वर केला. त्याच्यावर काही नव्हतं.

तिनं माझ्या डाव्या हाताकडे बोट केलं. "अगं, घड्याळ तर ह्या हातात हाये."

मी म्हटलं, "हे दुरुस्तीला आलंय."